उभ्या गाडीची काळजी

युरोपातल्या कारखान्यातून निघालेली गाडी पुण्याजवळच्या चाकणला पोहोचेपर्यंत स्वतःच्या चाकांवर किती चालते? आमच्या दिघी गावठाणाला एक फेरी मारावी, तेवढीसुद्धा नाही. कारखान्यातून ट्रेलरवर, ट्रेलरवरून कंटेनरमध्ये, कंटेनरमधून यार्डात. दर वेळी गाडीच्या दोन-चार लांबीएवढं अंतर. बाकी सगळा वेळ ती उभी. बंदरात उभी, जहाजात उभी, कस्टमच्या शेडमध्ये उभी, कागद येईपर्यंत उभी आणि कागद आल्यावर ड्युटी भरली जाईपर्यंत उभी. पगार मला गाड्या आणण्याचा मिळतो, पण दिवस जातो तो उभ्या गाडीच्या मागे.

पेट्रोल-डिझेलची गाडी होती तोवर ह्या उभं राहण्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. धूळ बसायची, टायरची हवा उतरायची. यार्डाचं भाडं, म्हणजे ग्राउंड रेंट, चढत जायचा, पण ती डोकेदुखी अकाउंट्सची. बॅटरीची गाडी आली आणि चित्र पालटलं. ही गाडी बंद असली तरी पुरती झोपत नाही. किल्लीचा सिग्नल ऐकणारा रिसीव्हर, अलार्म, बॅटरीवर नजर ठेवणारा कंट्रोलर, सगळे थोडं थोडं खात बसलेले असतात. आणि आपल्याकडची आयातीची सगळी यंत्रणा, कायद्यापासून यार्डातल्या हेल्परपर्यंत, कितीही दिवस मुकाट उभी राहणारी गाडी गृहीत धरून बसवलेली.

मी ह्या कामात आले ती सुट्या भागांच्या आयातीतून. भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत आयात विभागाला कागद लावायला एक मुलगी हवी होती, ती मी. बीएल म्हणजे जहाजाची बिल्टी, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट जुळवायची, सीएचएला म्हणजे कस्टमच्या एजंटला पाठवायची, बिल ऑफ एंट्री दाखल झालं की ड्युटीचं चलन अकाउंट्सकडे न्यायचं. घर दिघीत. आमच्या दिघीतही कस्टमचा डेपो आहे, त्यामुळे आळंदी रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर बघतच मी ये-जा करायचे. सासूबाईंना वाटायचं, हिचं ऑफिस म्हणजे हे ट्रेलर मोजणं. पुढे चाकणच्या पट्ट्यातल्या एका वाहन कंपनीत गेले आणि सुट्या भागांच्या जागी अख्ख्या गाड्या आल्या. काही विकायच्या आधी दाखवायला, काही चाचण्यांना, काही नुसत्या उघडून बघायला.

तेव्हा पहिल्यांदा कळलं की घराजवळ कस्टमचा डेपो असून उपयोग नाही. नवी गाडी देशात कुठून उतरवायची, ह्याची सरकारची यादी आहे. त्यात न्हावा शेवा आहे, मुंबई आहे, चेन्नई, कोची, मुंद्रा आहे, आणि पुण्याच्या आसपास म्हणाल तर तळेगावचा डेपो. म्हणजे स्टीअरिंगचा बॉक्स कुठल्याही डेपोतून सुटेल, स्टीअरिंग लावलेली गाडी नाही. शिवाय गाडी जिथे बनली त्याच देशातून आलेली हवी, आधी कुठे विकलेली वा नोंदवलेली नको, स्टीअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरचा, आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसा. हे सगळं मला पाठ आहे. सणासुदीला पाहुणे विचारतात तेव्हा मी म्हणून दाखवते, आणि तिसऱ्या अटीला पाहुणे चहा मागतात.

आता एका कंटेनरची गोष्ट. चाचणीसाठी एक इलेक्ट्रिक गाडी जर्मनीहून आली होती. जहाज उशिरा, मग कागदात एका आकड्याची अदलाबदल, मग लागून आलेल्या सुट्ट्या. सील तोडून कंटेनर उघडला तेव्हा गाडीला आत बसून दोन महिने होत आले होते. आत अंधार, रबराचा आणि लाकडाचा वास. चाकांपुढे ठोकलेले ओंडके, चाकांतून ओवून तळाला आवळलेले पट्टे. गाडी दिसायला कोरी करकरीत. किल्लीचं बटण दाबलं, काही नाही. दुसरी किल्ली, तरी काही नाही.

मोठी बॅटरी ठीक होती. मेली होती ती छोटी, बारा व्होल्टची. इलेक्ट्रिक गाडीतही ती असते हे कित्येकांना माहीत नसतं. दाराची कुलपं, काचा, स्क्रीन, सगळा कंट्रोल तिच्यावर. ती गेली की कोटीची गाडी म्हणजे नुसता पत्रा. दार उघडत नाही, न्यूट्रल पडत नाही, हँडब्रेकही विजेवरचा, त्यामुळे मागची चाकं जाम. ओढून काढावी तर चाकं घासत येणार. फोर्कलिफ्टवाला तेवढ्यासाठीच पुढे सरसावला होता. त्याला आधी थांबवला.

किल्लीच्या पोटात एक पातळ पात्याची किल्ली असते, ती काढली. दाराच्या कडीवर एक टोपण असतं, ते नखाने उचकटलं, तर खाली कुलपाचं भोक. दार उघडलं, पण कंटेनरची भिंत आड. फट उरली वीतभर. आमच्याबरोबरच्या सगळ्यांच्या पोटांकडे एकदा बघून घेतलं आणि लॅशिंगवाल्यांतला सर्वांत काटकुळा पोरगा आत घातला. त्याने पायाशी चाचपडत बॉनेटची कळ ओढली. आता करंट द्यायचा कुठून? ट्रेलरचा ड्रायव्हर उदारपणे म्हणाला, “ताई, माझ्या बॅटरीवरून घ्या की.” ट्रेलरची वायरिंग चोवीस व्होल्टची. ती केबल लागली असती तर आमच्या इंजिनीअर लोकांना उघडून बघायला बराच माल मिळाला असता. फोर्कलिफ्टही त्यातलाच. अखेर गेटवर भाजीचे क्रेट उतरवायला आलेला एक पिकअप सापडला, त्याची बॅटरी बाराची. केबल लावली, पाचेक मिनिटं गेली, आणि त्या अंधारात गाडीने डोळे उघडले. स्क्रीनवर जर्मनमध्ये स्वागत आलं. पोरगा आतून ओरडला, “मॅडम, काहीतरी विचारतेय!”

त्या दिवसानंतर गाडी तिकडून निघण्याआधी मी एक पानभर सूचना पाठवते. गाडी ट्रान्सपोर्ट मोडमध्ये टाका, पात्याची किल्ली बीएलच्या पाकिटात वेगळी द्या, ड्रायव्हरच्या बाजूने भिंतीपासून जास्त जागा सोडा, आणि मोठ्या बॅटरीत किती चार्ज ठेवलाय त्याचा तारखेसह फोटो. तिकडचे लोक फोटोचं काम चोख करतात. जागा सोडण्याचं अजिबात करत नाहीत, कारण कंटेनर भरणाऱ्याला एका खोक्यात दोन गाड्या बसवण्याचे पैसे मिळतात.

चार्ज हा तर वेगळाच अध्याय. शिपिंग लाइन म्हणते बॅटरी भरलेली नको, आगीचा धोका. गाडी बनवणारा म्हणतो रिकामी नको, सेल खराब होतील. मधलं कुठेतरी धरून गाडी निघते आणि उतरेपर्यंत त्यातलंही खाली येतं. एका मे महिन्यात एक गाडी यार्डात अशी अडकली की तिला थोडा तरी चार्ज देणं भाग होतं. युरोपातला डीसी चार्जरचा सॉकेट आणि आपल्याकडे रूढ झालेला, दोन्ही सीसीएस-२. त्यामुळे फास्ट चार्जर असता तर प्रश्नच नव्हता. पण कस्टमच्या ताब्यातली गाडी बाहेर कशी न्यायची? घरगुती प्लगवर चालणारा चार्जर घेऊन गेले. तीन पिनांत लावला की त्याच्या डबीवर लाल दिवा. दुसऱ्या बोर्डावर लाल. जनरेटरवर लाल.

यार्डाचा वायरमन भला माणूस, पण त्याला हा अपमान वाटला. “मॅडम, ह्याच बोर्डावर वेल्डिंग मशीन चालतं, कूलर चालतो. तुमच्या गाडीलाच काय झालंय?” वेल्डिंग मशीनला अर्थिंग नसली तरी ते चालतं. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ती नसली तर करंट सोडतच नाही. मीटर लावून बघितलं तर न्यूट्रल आणि अर्थ ह्यांच्यात भलताच व्होल्टेज. एका बोर्डात तर तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. मग वायरमन मला शेडच्या मागे घेऊन गेला. अर्थिंगची पाटी होती, तारीख रंगवलेली होती, खाली मीठ-कोळशाचा खड्डाही होता, पण भर उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा. त्याने दोन बादल्या पाणी आणलं आणि तुळशीला घालावं तसं हळूहळू त्या खड्ड्यात सोडलं. आम्ही दोघं तिथेच सावलीला बसलो. त्याने मुलीच्या बारावीचे मार्क सांगितले. अर्ध्या तासाने मीटर खाली आला, डबीवरचा दिवा हिरवा झाला आणि गाडीने चार्ज घ्यायला सुरुवात केली. जनरेटरची भानगड वेगळी होती. त्याचा न्यूट्रल कुठे बांधलेलाच नव्हता. तो त्याने नंतर स्वतःहून नीट केला आणि मला फोन करून कळवलं.

मला कोणी विचारलं की इलेक्ट्रिक गाडीसाठी आपल्याकडे काय कमी आहे, तर लोकांना अपेक्षित असतं ते चार्जिंग स्टेशन. मी अर्थिंग म्हणते.

कागदांचंही तेच. कायद्याच्या भाषेला इंजिनाची सवय. महागड्या गाडीवर ड्युटी ठरवताना पेट्रोलला ३,००० सीसी, डिझेलला २,५०० सीसी अशी मापं, आणि त्यांच्या जोडीला ४०,००० डॉलर ही किमतीची रेघ. बॅटरीच्या गाडीला सीसी कुठून आणणार, तिला एकच रेघ, किमतीची. विमा-भाडं धरून गाडी ४०,००० डॉलरच्या वर गेली की कर मिळून ११० टक्के. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ ड्युटी १०० वरून ७० टक्क्यांवर आली तेव्हा ऑफिसात दिवसभर फोन वाजत होते. सोबत ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लागलाय, आधीचा अधिभार धरला तर बेरीज आहे तिथेच आहे, हे समजावून सांगताना घसा बसला. हिशेब सरळ आहे. ५० लाखांची इलेक्ट्रिक गाडी बंदरात उतरली की ५५ लाख कर, आणि त्या एक कोटी पाचावर ५ टक्के जीएसटी. झाले एक कोटी दहा लाखांच्या वर. त्यात ग्राउंड रेंट, सीएचएची फी, ट्रेलर आणि माझ्यासारखीचा पगार धरलेला नाही.

म्हणून तर चाकणला गाड्या जोडल्या जातात. ऑगस्ट २०२२ मध्ये मर्सिडीजची एएमजी ईक्यूएस ५३ ही अख्खी आयात केलेली गाडी २ कोटी ४५ लाखांना आली. पुढच्याच महिन्यात चाकणच्या कारखान्यात जोडलेली ईक्यूएस ५८० आली १ कोटी ५५ लाखांना. एएमजी जास्त ताकदीची, तेव्हा सगळा फरक काही कराचा नाही. तरी बराचसा आहे, हे आमच्या पट्ट्यात कुणालाही सांगावं लागत नाही.

नोंदणीची एक आठवण. एका साहेबांसाठी आणलेली गाडी आरटीओच्या तपासणीला उभी केली. चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घ्यायची, ती घेतली. सीटखालचा गालिचा उचलून नंबर दाखवला. पुढचा रकाना, इंजिन नंबर. तिथे मोटारचा नंबर लिहायचा हे ठरलेलं होतं, पण मोटार असते गाडीच्या पोटात, वर झाकण, आणि ते काढायला लिफ्ट हवी. लिफ्टवर चढवली, झाकण काढलं, टॉर्च मारला. इन्स्पेक्टर साहेब वाकून बघत म्हणाले, “मॅडम, मागे अजून एक आहे.” गाडीला दोन मोटारी होत्या, पुढे एक, मागे एक. रकाना एकच. दोन्ही नंबर लिहून मध्ये तिरकी रेघ मारायची, की पुढची मोटार खरी धरायची? साहेबांनी दोन ठिकाणी फोन लावले आणि तिरकी रेघ मान्य झाली. कोणी अडवून धरलं नाही, कोणी चिरीमिरी मागितली नाही. फॉर्म बनवणाऱ्याने अशी गाडी बघितलेली नव्हती, इतकंच.

दिघीत राहत असल्यामुळे वेगळीच गिऱ्हाइकं घरी येतात, फुकट सल्ल्याची. आमच्या भागात लष्करातून निवृत्त झालेली बरीच कुटुंबं आहेत, आणि त्यांची मुलं कुठे कुठे पांगलेली. असेच एक काका संध्याकाळी आले. मुलगा-सून श्टुटगार्टहून कायमचे परत यायचे होते, त्यांनी तिथे घेतलेली इलेक्ट्रिक गाडी आणायची होती. काकांनी फोटो आणले होते, गाडीचे कमी, तिच्यात बसलेल्या नातवाचे जास्त.

मी विचारलं, “काका, स्टीअरिंग डावीकडे ना?”

“हो, तिकडे डावीकडेच असतं.”

“मग नाही येणार.”

“असं कसं? आमचे टाट्रा ट्रक डाव्या स्टीअरिंगचेच होते. लडाखपर्यंत नेलेत मी, पोरी.”

“काका, ते सरकारचे ट्रक. घरची गाडी आणायची तर वापरलेली गाडी तीन वर्षांच्या आतली हवी, उजव्या स्टीअरिंगची हवी आणि ती मुंबई बंदरातूनच उतरली पाहिजे. एक अट मोडली की विषय संपला. आणि सगळ्या पाळल्या तरी कर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त.”

काका गप्प बसले. त्यांना कराचं फारसं वाटलं नव्हतं, नियमाचं वाटलं. आयुष्यभर नियमात राहिलेल्या माणसाला नियमाने आपल्याला नाही म्हणावं, हे लवकर पचत नाही. जाताना म्हणाले, “मग इंग्लंडात असता तर?” इंग्लंडात असता तर स्टीअरिंगचं जमलं असतं, वेगाचा काटा मैलांतून किलोमीटरवर आणावा लागला असता, करात मार खाल्लाच असता. मुलाने गाडी तिकडेच विकली. फोन करून त्याने मला जे विचारलं ते मात्र मला आवडलं: गाडी नाही तर नाही, तिचा घरी लावायचा चार्जर आणता येईल का? सामानात आणता येईल, म्हटलं, पण आधी घराची अर्थिंग बघून घे.

हल्ली अशा फोनवर मी पहिल्या मिनिटातच नाही सांगते. पूर्वी वाईट वाटायला नको म्हणून नियम वाचून दाखवायचे, आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक नियमात फट दिसायची.

जहाजाचं काम माझ्या हातात नाही, पण माझी झोप त्याच्या हातात आहे. जुलै २०२३ मध्ये फ्रीमँटल हायवे नावाचं गाड्या वाहणारं जहाज ब्रेमरहाफेनहून निघालं आणि हॉलंडच्या किनाऱ्याजवळ पेटलं. आत जवळपास ३,८०० गाड्या, त्यांत सुमारे पाचशे बॅटरीच्या. एक खलाशी गेला, तो आपल्या देशातला होता. ही गोष्ट आमच्या ऑफिसात फार कमी जणांनी वाचली. बॅटरीचा आकडा मात्र सगळ्यांनी वाचला. आग बॅटरीच्या गाडीनेच लागली असं काही सिद्ध झालं नाही. उलट जहाज बंदरात ओढून आणल्यावर खालच्या मजल्यांवरच्या शेकडो गाड्या, बॅटरीच्यासुद्धा, धड निघाल्या. पण तोपर्यंत विम्याचे लोक आणि शिपिंग लाइन सावध झाले होते. बुकिंगच्या फॉर्मवर नवे प्रश्न आले, चार्जची मर्यादा आली, वापरलेली गाडी असेल तर सरळ नकार यायला लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर हे जहाज ताब्यात घेतलं. तेही गाड्यांचंच जहाज, रिकामं, आणि निघालं होतं गुजरातेतल्या पिपावावला. मग सुएझचा रस्ता सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, केप ऑफ गुड होपवरून. दहा-पंधरा दिवस वाढले. कंपनीतल्या लोकांना ते दिवस तक्त्यातल्या एका रकान्यात दिसले. मला दिसत होती कंटेनरमधली छोटी बॅटरी.

शिवाय ह्या गाड्या जहाजाच्या कागदावर घातक माल म्हणून जातात, नवव्या वर्गात. वर्षानुवर्षं त्यांचा यूएन नंबर ३१७१ होता, बॅटरीवर चालणारं कुठलंही वाहन त्यात. आता लिथियम-आयन बॅटरीच्या गाड्यांना वेगळा ३५५६ नंबर मिळालाय. मधल्या बदलाच्या काळात तिकडच्या माणसाने एक टाकायचा, इकडच्या लाइनने दुसरा मागायचा, आणि मी दोघांना जोडून फोनवर. चार आकड्यांवरून एवढा वेळ भांडलेली माणसं मी दुसरीकडे बघितली नाहीत, सोसायटीच्या मेंटेनन्सची सभा सोडली तर.

रस्त्याचंही सांगते. न्हावा शेवाहून बोरघाट चढून तळेगाव, तिथून चाकण. नकाशावर सोपं. चाकणच्या चौकातली कोंडी ज्याने भोगली आहे त्याला कळेल की जहाजाची तारीख मी छातीठोकपणे सांगते, ट्रेलरची सांगत नाही. आणि आषाढी वारीचे दिवस आले की आळंदीहून माऊलींची पालखी दिघीवरून, आमच्या घराजवळूनच, पुण्याकडे जाते. त्या दिवशी ह्या रस्त्याने ट्रेलर न्यायचा विचारही करायचा नाही. एकदा चाकणहून एक गाडी पुण्यातल्या प्रयोगशाळेत न्यायची होती आणि युरोपातल्या साहेबाने नेमकी तीच तारीख धरली. मी लिहिलं, रस्ता बंद असेल, संतांची पालखी आहे. त्याने विचारलं, साधारण किती माणसं? मी लिहिलं, लाखांत. त्यावर त्याने पुढच्या आठवड्यातली तारीख कळवली आणि वर्षभराचं कॅलेंडर मागून घेतलं. हा माणूस पुढे कामाचा निघाला. आता गाडी पाठवण्याआधी तो दिवाळी कधी आहे तेही विचारतो.

ह्या सगळ्यात ज्याबद्दल कोणी विचारत नाही तो भाग म्हणजे गाडीचा शेवट. निव्वळ संशोधनासाठी आणलेल्या गाडीला इथे नंबर मिळत नाही, सार्वजनिक रस्त्यावर ती चालवायची नाही. काम झालं की परत पाठवायची किंवा मोडीत काढायची. परत पाठवणं ऐकायला सोपं वाटतं. पण आलेली गाडी नवी होती, जाणारी वापरलेली, उघडून पुन्हा मिटवलेली. बॅटरी काढून तपासली असेल तर शिपिंग लाइन तिला सुस्थितीतली मानायला तयार नसते. बॅटरी शाबूत असल्याची लेखी हमी ती मागायला लागते, आणि ती हमी कोण देणार ह्यावर दोन देशांतले दोन विभाग एकमेकांकडे बघतात.

मग मोडीत काढायचं ठरतं. आमच्याकडची एक गाडी अशी गेली. निळी, आतून अजून प्लॅस्टिकच्या वासाची, मीटरवर जेमतेम काहीशे किलोमीटर, तेही सगळे रोलरवर आणि कंपनीच्या आतल्या ट्रॅकवर झालेले. पेट्रोलची गाडी असती तर ऑइल-पेट्रोल काढून प्रेसखाली घातली असती. हिची बॅटरी आधी काढायची, ती पूर्ण उतरवायची, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या रीसायकलरकडेच द्यायची. त्याची पावती, वजन, वाहतुकीचा कागद. उरलेल्या सांगाड्याचा चेसिस नंबर कापून काढायचा, फोटो घ्यायचे, तुकडा फाइलला लावायचा. उभं राहून बघायला विभागातली माणसं आली होती. गॅस कटर चालू झाला तेव्हा एक तरुण इंजिनीअर शेडबाहेर गेला. दोन वर्षं त्याने त्या गाडीवर काम केलं होतं. बाकीच्यांचं लक्ष नंबर वाचता येईल असा कापला जातोय ना, ह्याच्यावर होतं, माझंही. नंबरातला एक आकडा जळला असता तर पुढचे सहा महिने मी खुलासे लिहीत बसले असते.

नंबर शाबूत निघाला. फाइल बंद झाली. त्या जागी येणाऱ्या पुढच्या गाडीचं बुकिंग आधीच झालं होतं, आणि ती सध्या आफ्रिकेच्या वळशावर आहे. चार्ज किती ठेवून पाठवली त्याचा फोटो तिकडून आला आहे. ड्रायव्हरच्या बाजूला जागा किती सोडली, ते विचारलंय, उत्तर आलेलं नाही.